आळंद परिसरातील पतव्यवहार : सावकाराच्या वहीपासून बँकेच्या पासबुकापर्यंत

कर्ज कोठून काढावे आणि चार पैसे कोठे ठेवावेत, हे दोन प्रश्न संसारी माणसाला जितके जुने तितकेच रोजचे आहेत. आमच्या आळंद तालुक्यात तर त्यांची उत्तरे शोधताना माणसाला एकाहून अधिक भाषा ओलांडाव्या लागतात. पश्चिमेस अक्कलकोट, उत्तरेस उमरगा, आग्नेयेस कलबुर्गी आणि ईशान्येस बसवकल्याण अशा चार दिशांच्या बाजारांशी या तालुक्याचे देणेघेणे पूर्वापार आहे. तूर एका पेठेत विकायची, कापड दुसऱ्या पेठेत घ्यायचे आणि सारा तिसऱ्या ठिकाणी भरायचा, अशी येथील जीवनाची घडण राहिली आहे. साहजिकच उसनवारीचे आणि ठेवींचे मार्गही येथे अनेक झाले.

या मार्गांची तुलना करताना लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात : व्याज किती? प्रश्न योग्यच आहे. तथापि या भागाचा गेल्या शे-दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न उभा राहतो. हिशेबाची वही कोणाच्या हाती आहे, आणि ज्याच्या नावावर देणे लिहिले आहे त्याला ती वाचता येते काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर खरे ठरत नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात हेच थोडे विस्ताराने मांडण्याचा हेतू आहे.

भांडार आणि रसीद

पैशाचा हिशेब आणि माणसाची पत यांचा संबंध या प्रदेशाच्या परंपरेत फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे महात्मा बसवेश्वर हे बिज्जळ राजाचे भांडारी होते. राजाच्या तिजोरीतील द्रव्य त्यांनी शरणांवर उधळले असा आळ आला, आणि प्रत्यक्ष मोजदाद झाली तेव्हा हिशेब पुरा भरला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर मराठी माणसाला पाठ आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी मोकळे केले. मग विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन त्या धान्याचे मोल भरले. भक्तिकथा म्हणून ती आपण ऐकतो. पण तिच्यातला एक तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विठूने केवळ पैसे भरले नाहीत, तर त्यांची रसीदही घेतली. देवालादेखील पावतीवाचून भागले नाही, असे लोकमानसाला वाटले, यातच व्यवहाराचे मर्म आले.

देहूच्या तुकोबांच्या चरित्रातील प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे. घरी सावकारी असलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. ऋणमुक्ती म्हणजे कागद बुडवणे, हे समीकरण त्या काळीही इतके स्पष्ट होते. ज्याच्यापाशी कागद, त्याच्यापाशी सत्ता.

आपल्या भाषेनेही हे ओळखले आहे. 'व्याज' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ निमित्त किंवा कपट असा आहे. म्हणूनच निष्कपट मनाला आपण 'निर्व्याज' म्हणतो. शब्दांच्या या योगायोगावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण ज्यांनी व्याजाचा भार सोसला त्यांना हा श्लेष समजावून सांगावा लागत नाही.

सावकारी : सोय आणि फास

संस्था येण्यापूर्वी गावचा सावकार हाच सर्व काही होता. त्याचे दोन प्रकार असत. एक पेढी किंवा दुकान चालवणारा, दुसरा स्वतः शेती करून शेजाऱ्याला पैसा वा धान्य देणारा. सावकारीविषयी बोलताना तिच्या सोयी नाकारून चालणार नाही. रात्री-अपरात्री, आजारपणात, लग्नकार्यात, बैल मेला तर ऐन पेरणीत तो पैसा देई. अर्ज नाही, दाखला नाही. त्याला माणूस ठाऊक असे, माणसाचा बाप ठाऊक असे. एवढी माहिती आजच्या कोणत्याही बँकेच्या फायलीत नसते.

पण या सोयीची किंमत जबर होती. धान्याच्या उसनवारीला वाढीदिढी म्हणत. पेरणीला नेलेले धान्य सुगीला सवाईने, म्हणजे सव्वापट, किंवा दिढीने, म्हणजे दीडपट फेडायचे. एक पोते नेले आणि सहा महिन्यांत दीड पोते घातले, तर वर्षाच्या हिशेबाने तो दर शेकडा शंभर होतो. पेरणीत धान्य महाग आणि सुगीत स्वस्त असते, ही गोष्ट जमेस धरली तरी भार हलका होत नाही. रोख कर्जाचा दर दरमहा दरशेकडा सांगण्याची रीत होती आणि बाजारात ती आजही आहे. बाजारात 'दोन टक्के' म्हणजे महिन्याला शेकडा दोन, अर्थात वर्षाला चोवीस. बँकेत 'बारा टक्के' म्हणजे वर्षाला बारा. दोन हा आकडा बारापेक्षा लहान आहे एवढेच ऐकून जो सावकाराकडे वळतो, त्याची फसगत गणितात नव्हे, भाषेत होते.

धर्मशास्त्राने यावर एक मर्यादा घातली होती : दामदुप्पट. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा तो दंडक. तो ऋणकोच्या रक्षणासाठी होता. पुढे याच शब्दाचे काय झाले, ते खाली ओघाने येईल.

सावकाराचा खरा जोर मात्र दरापेक्षा वहीत होता. कीर्द आणि खतावणी त्याच्या घरी, मोडी अक्षरात. कुळाने दिलेला हप्ता कधी जमा झाला, व्याज मुद्दलात कधी मिळवले, जुने खत फाडून नवे केव्हा लिहिले, हे त्या वहीतच दिसणार. आणि ती वाचणारा गावात बहुधा एक तर स्वतः सावकार, नाही तर कुळकर्णी. अंगठा उमटवणाऱ्याच्या हाती काहीच राहत नसे.

सीमेपलीकडचा कायदा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावाचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या जिवावर नव्हता, तर त्यांच्याजवळच्या खतांवर व रोख्यांवर होता. ते मागून घेतले गेले आणि जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता.

या कायद्याची चर्चा बहुधा कोर्टाला मिळालेल्या अधिकारांपुरती होते. खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा न्यायाधीशाला त्याने दिली, हे खरेच मोठे होते. परंतु त्यातील तीन साधी कलमे आमच्या मते तितकीच मोलाची आहेत. शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती मिळण्याचा हक्क, वर्षाला हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क, आणि मागितल्यास पासबुकात खाते लिहून मिळण्याचा हक्क. आज बँकेच्या खिडकीत आपण जे पासबुक सरकवतो, त्यामागचे तत्त्व दख्खनच्या शेतकऱ्यासाठी १८७९ सालीच कायद्यात लिहिले गेले होते. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली आणि कायद्याचा बराच जोर गेला. तरी तत्त्व मांडले गेले ते गेलेच.

सोलापूर जिल्ह्याला हा कायदा लागू होता, आळंदला नव्हता. आळंद निजामाच्या मुलखात. अवघ्या काही कोसांवर, त्याच भाषेत बोलणाऱ्या, तीच ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला पावतीचा हक्क होता, आणि येथे तो नव्हता. शिवाय येथे आणखी दोन अडचणी होत्या. पहिली नाण्याची. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव सात हालीला सहा कलदार असा होता. शंभर कलदारांचे एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. सोलापूरच्या पेठेत माल विकला तर हाती कलदार येई, सारा मात्र हालीत भरायचा. व्याजाशिवाय बट्टा हीदेखील कमाईची जागा होती, आणि तो हिशेब करणारा पुन्हा पेढीवालाच. दुसरी अडचण भाषेची. कचेरीची भाषा उर्दू, सावकाराची वही मोडीत, बोलणे मराठी वा कन्नड. सन फसली. एकाच कर्जाची तारीख तीन पंचांगांत आणि तीन लिप्यांत सापडायची.

निजाम सरकारने फसली १३४९ मध्ये, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास, सावकारी नियंत्रणाचा कायदा केला. सोलापूर जिल्ह्याला १८७९ मध्ये जे लाभले, त्या दिशेचे पाऊल येथे पडायला साठ वर्षे लागली.

सहकाराची वाट

सावकाराला पर्याय म्हणून जो मार्ग निघाला तो सहकाराचा. त्याच्या आरंभीच एका मराठी माणसाचे नाव आहे. १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. कायदा नसतानाच केवळ परस्पर विश्वासावर. इंग्रजी मुलखात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला, आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची सोसायटी स्थापन झाली. देशातील अशा पहिल्या सोसायट्यांत तिची गणना होते. हैदराबाद संस्थानात १९१४ च्या सुमारास सहकाराचा कायदा आला.

सहकारी सोसायटीतील मूळ कल्पना अशी की, वही गावातल्याच माणसांनी लिहावी, ती वार्षिक सभेत वाचली जावी आणि कोणाही सभासदाला ती पाहता यावी. म्हणजे येथेही प्रश्न वहीचाच होता. पण प्रत्यक्षात काय झाले? १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली. तिच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि आपले धनंजयराव गाडगीळ हे सदस्य होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातले आकडे डोळे उघडणारे होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्क्याहूनही कमी. पन्नास वर्षांच्या सहकाराचे हे फळ होते. तरीही समितीने सहकार सोडा असे म्हटले नाही, तो यशस्वी झालाच पाहिजे असे म्हटले. आणि त्यासाठी सरकारी भांडवलाची जोड सुचवली.

त्या जोडीने सोसायट्यांत पैसा आला, पण वहीचा उघडेपणा त्या प्रमाणात आला नाही. कर्जाची मुदत भरली की कागदोपत्री जुने फेडून नवे उचलायचे, याला गावात 'नवे-जुने करणे' म्हणतात. पैसा हलत नाही, फक्त नोंदी हलतात. सभासद सही करतो. आपल्या नावावर नेमके किती देणे आहे, हे त्याला चिटणीसाला विचारूनच कळते. गावच्या सोसायट्यांचे हिशेब संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली. तीत ६३ हजार संस्थांचा समावेश ठरला. संगणकाने चूक पकडता येते. पण पडद्यावरचे वाचायला सभासदाला बोलावले, तरच तिचे सार्थक.

एक बँक, तीन राज्ये

हैदराबाद स्टेट बँक ८ ऑगस्ट १९४१ रोजी कायद्याने स्थापन झाली, आणि ५ एप्रिल १९४२ रोजी हैदराबादेतील गनफौंड्री येथे तिचे कामकाज सुरू झाले. हाली चलनाची व्यवस्थाही तिच्याकडे होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. ऑक्टोबर १९५६ मध्ये ही बँक रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात येऊन 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली. आणि लगेच १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेने हैदराबाद राज्याचेच तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, आणि गुलबर्ग्यासह आमचा आळंद म्हैसूर राज्यात गेला. राज्य उरले नाही, बँक मात्र तीन राज्यांत तशीच राहिली. १९५९ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची सहयोगी झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाली. जुन्या संस्थानाची ओळख सांगणारी जी थोडी नावे उरली होती, त्यांतले एक त्या दिवशी पासबुकावरून पुसले गेले.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक तालुक्याच्या गावाबाहेर जाऊ लागली. त्यांत कॅनरा आणि सिंडिकेट या दोन्ही बँका होत्या. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत 'पिग्मी' ठेव सुरू केली होती. प्रतिनिधी रोज दारी येणार, दोन आण्यांपासून रक्कम घेणार आणि कार्डावर लिहून देणार. हातगाडीवाल्याला, शिंप्याला, भाजीवालीला बँकेची पायरी चढण्याआधी पावतीची सवय लागली ती या कार्डाने. मराठीतही 'पिग्मी' हा शब्द आता घरचाच झाला आहे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली.

१९७५ मध्ये ग्रामीण बँकांची योजना आली. सीमेपलीकडे १९७६ मध्ये नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. आमच्या बाजूला गुलबर्ग्याची कृष्णा ग्रामीण बँक होती. २०१३ मध्ये ती प्रगती बँकेशी जोडली जाऊन प्रगती कृष्णा ग्रामीण बँक झाली. २०१९ मध्ये कावेरी बँकेशी मिळून कर्नाटक ग्रामीण बँक. आणि १ मे २०२५ पासून कर्नाटक विकास ग्रामीण बँकेसह राज्यभराची एकच ग्रामीण बँक, मुख्यालय बळ्ळारी. एकाच शेतकऱ्याच्या हयातीत त्याच्या बँकेची पाटी पुन्हा पुन्हा बदलली. मोठी बँक बुडण्याची भीती कमी, हा विलीनीकरणाचा लाभ आहे. पण दर वेळी पासबुक आणि शाखेचा संकेतांक बदलतो, आणि ज्याला ते वाचता येत नाही त्याला नव्याने कोणाच्या तरी आधारावर उभे राहावे लागते.

आजची तुलना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आळंदच्या माणसापुढे आज राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा बँक व तिच्याशी जोडलेली गावची सोसायटी, नागरी सहकारी बँक, सौहार्द सहकारी वा पतसंस्था, गटांना कर्ज देणाऱ्या लघुवित्त कंपन्या, टपाल खाते आणि अद्यापही टिकून असलेले सावकार व अडते, इतके मार्ग आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील कर्जापैकी सुमारे दोन तृतीयांश संस्थांकडून येते. म्हणजे १९५१ चे चित्र पालटले आहे; पण उरलेला एक तृतीयांश अजूनही खासगी वहीतच आहे. या मार्गांना लावायची परिमाणे आम्हांस तीन दिसतात; चौथे भाषेचे, त्याचा विचार शेवटी करू.

पहिले परिमाण खऱ्या दराचे. बारा हजारांचे कर्ज, बारा मासिक हप्ते, दर बारा टक्के, असे दोन ठिकाणी सांगितले गेले असे समजा. एक जण व्याज सबंध मुद्दलावर वर्षभराचे लावतो : १,४४० रुपये, हप्ता १,१२० रुपये. दुसरा घटत्या शिल्लक मुद्दलावर लावतो : व्याज सुमारे ७९५ रुपये, हप्ता सुमारे १,०६६ रुपये. दोघेही 'बारा टक्के' म्हणतात. पण दर हप्त्याबरोबर मुद्दल घटते, वर्षभराची सरासरी काढली तर ऋणको साडेसहा हजारच वापरतो. म्हणून पहिल्याचा खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. यात अर्जाचे शुल्क आणि विम्याची कपात मिळवली की तो आणखी चढतो. 'हप्ता' हा शब्द फारसीतील आठवड्यावरून आला. आठवड्याच्या हप्त्याने वसुली करणाऱ्या कंपन्यांनी तो त्याच्या मूळ अर्थाला परत नेला आहे. सोसायटीच्या पीककर्जाचा दर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. कर्नाटकात मुदतीत फेडणाऱ्याला ते ठरावीक मर्यादेपर्यंत शून्य टक्क्याने देण्याचे धोरण आहे. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ही मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्याची घोषणा झाली. हे कर्ज खरोखरीच निर्व्याज. पण मुदत चुकली की ती सवलत जाते, म्हणून परतफेडीची तारीख दराइतकीच लक्षात ठेवावी लागते.

दुसरे परिमाण ठेवीच्या हमीचे. व्यापारी, ग्रामीण, जिल्हा आणि नागरी सहकारी बँकांतील ठेवींना विमा असतो; ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत व्याजासह पाच लाख रुपये आहे. त्यापूर्वी १९९३ पासून ती एक लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटून ठेवल्याने हमी दुप्पट होत नाही. पतसंस्था आणि कर्नाटकातील १९९७ च्या कायद्याखालच्या सौहार्द संस्था यांच्या ठेवींना हा विमा नाही. अशा संस्थांत सचोटीची माणसे नसतात असे नव्हे. त्या संध्याकाळी उघड्या असतात, ओळखीच्या असतात, चटकन सोनेतारण देतात, हे सारे खरे आहे. पण बँकेपेक्षा दोन-तीन टक्के अधिक व्याज मिळते, ते कशाच्या मोबदल्यात, हे समजून घेतले पाहिजे. ऋणकोचे रक्षण करणारा 'दामदुप्पट' हा शब्द आज ठेवीदाराला भुलवणाऱ्या जाहिरातींत वापरला जातो, ही त्या शब्दाची शोकांतिका म्हटली पाहिजे. रोजच्या खात्यासाठी व्याजापेक्षा शाखेचे अंतर आणि किमान शिलकीची अट पाहावी. जून २०२५ मध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला, तेव्हा टपाल बचत खात्यावर चार टक्के होते. दहा हजारांच्या शिलकीवर हा फरक वर्षाला दीडशे रुपयांचा. दोनदा तालुक्याला जाण्यायेण्यातच तेवढे खर्ची पडतात. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेच्या खात्याला किमान शिलकीची अट नाही.

तिसरे परिमाण दाद मागण्याचे. बँकेविरुद्ध वा नोंदणीकृत वित्त कंपनीविरुद्ध प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. तिने ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सोसायटी व सौहार्द संस्थेसाठी सहकार निबंधक. नोंदणी नसलेल्या सावकाराच्या बाबतीत मात्र पोलीस आणि कोर्ट एवढेच उरते. वसुलीच्या छळाने कर्नाटकात अनेक कुटुंबे हवालदिल झाली, तेव्हा राज्य सरकारने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी वटहुकूम काढून जबरी वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. पुढे त्याचा कायदा झाला.

कागदाची भाषा

चौथे परिमाण भाषेचे, आणि आमच्या दृष्टीने तेच निर्णायक आहे. सीमाभागातील मराठी माणसाच्या वाट्याला आलेले कर्जाचे कागद पाहावेत. आजोबांचा मोडीत आणि उर्दूत, वडिलांचा इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, आपला संगणकावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत. बँकेचे छापील अर्ज हिंदी, इंग्रजी आणि राज्याची भाषा यांत असतात. आळंदमध्ये ही तिसरी भाषा कन्नड आहे, आणि ते रास्तच आहे. किस्त, हप्ता आणि कन्नडमधला 'कंतु' हे तिन्ही शब्द येथे एकाच बाजारात ऐकू येतात. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज, 'बड्डी' म्हणजे व्याज. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष. बोलताना यातून विनोद होतो, सही करताना नुकसान होऊ शकते.

या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे, आणि तिची जितकी वाच्यता व्हावी तितकी झालेली नाही. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून, १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला एक तथ्यपत्रक देणे बंधनकारक केले. त्यात शुल्के व विमा मिळवून येणारा वार्षिक खरा दर, हप्त्यांचे कोष्टक आणि वसुलीची पद्धत लिहायची. त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, ते त्याला समजावून सांगितले पाहिजे आणि समजल्याची पोच घेतली पाहिजे. 'राज्याच्या भाषेत' नव्हे. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. व्यापारी, ग्रामीण, जिल्हा व नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या या सर्वांना हे लागू आहे. सौहार्द संस्था आणि गावची सोसायटी यांना ते लागू नाही, ही त्यातली उणीव.

याचा अर्थ असा की, आळंदच्या शाखेत मराठीत तथ्यपत्रक मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे, नियमाने दिलेला हक्क आहे. १८७९ मध्ये दख्खनच्या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पावती, उतारा आणि पासबुक यांचा जो हक्क मिळाला आणि सीमेमुळे आमच्या पूर्वजांना मिळाला नाही, त्याचेच हे पुढचे पाऊल आहे. आणि या वेळी सीमा आड येत नाही. पण मागितल्यावाचून ते मिळणार नाही. मराठीत पत्रक हवे असा आग्रह धरताना कन्नड वाचायला शिकणेही आपल्याच हिताचे आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. सातबाराला येथे पहाणी म्हणतात आणि ती कन्नडमध्येच निघते. जिथे जमिनीचा कागद एका भाषेत आणि मनातला हिशेब दुसऱ्या भाषेत, तिथे दोन्ही लिप्या येणे ही चैन नव्हे, पतीचाच भाग आहे.

साहित्यसंस्थांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कर्जखत हाही शेवटी भाषेत लिहिलेला मजकूरच आहे, आणि सामान्य माणसाच्या आयुष्यावर जितका परिणाम तो करतो तितका आमच्या कोणत्याही कवितेने होत नाही. मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषांतील पतव्यवहाराच्या शे-सव्वाशे शब्दांचा एक छोटा कोश सीमाभागातील मंडळांनी एकत्र बसून केला, तो वाचनालयांत आणि बचत गटांच्या बैठकांत ठेवला, आणि महिन्यातून एक सायंकाळ कोणाचेही तथ्यपत्रक वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवली, तर त्याला फार खर्च येणार नाही. मोडी वाचणारा कुळकर्णी गावात एकटा असे, म्हणून त्याचा शब्द अखेरचा ठरे. आता वाचणारे घरोघर आहेत. सही करण्यापूर्वी त्यांतल्या एखाद्याला जवळ बसवून कागद पुरता वाचून घ्यावा, आणि दोन संस्थांची तुलना करताना हा कागद वाचायला देणारी कोणती व टाळणारी कोणती, हे व्याजाच्या आधी पाहावे.